दुकान पडद्यावरचे, पारख बाजारातली



बैलबाजारात जनावर घ्यायला गेलेला शेतकरी काय काय करतो ते आठवून पाहा. तो दात बघतो, चार पावले चालवून बघतो, खुरांवरून हात फिरवतो. शिंगे नवी रंगवलेली दिसली तर रंगाखाली काय दडले आहे तेही बघतो. दलाल "आत्ताच हो म्हणा, नाहीतर पलीकडचे गिऱ्हाईक घेऊन जाईल" असे म्हणू लागला की जाणता माणूस उलट दोन पावले मागे सरतो. खऱ्या मालाला एवढी घाई कशाला, हे त्याला कोणी शाळेत शिकवलेले नसते. बाजारानेच शिकवलेले असते.

हाच माणूस रात्री जेवणखाण झाल्यावर मोबाइल हातात घेतो. पडद्यावर पाठीवरच्या फवारणी पंपाची जाहिरात येते. मोठी किंमत खोडलेली, तिच्या खाली लहान किंमत. शेजारी उलटे फिरणारे घड्याळ आणि खाली तांबड्या अक्षरांत 'फक्त २ नग शिल्लक'. बैलबाजारात मागे सरणारा माणूस येथे मात्र पुढे सरतो आणि बटण दाबून मोकळा होतो.

वेबसाइट हे शेवटी दुकानच आहे. ते भिंतींऐवजी पडद्यावर मांडलेले असते, एवढाच फरक. या दुकानांनी खेड्यातल्या माणसाची सोयही केली आहे. यंत्राचा एखादा पट्टा, ठिबकचा एखादा सुटा भाग यांसाठी तालुक्याला दोन-दोन चकरा मारण्याचे दिवस सरले. तेव्हा या बाजाराला भिऊन घरी बसण्याचे कारण नाही. पण तेथे बरा दुकानदार कोणता आणि लबाड कोणता हे ओळखता आले पाहिजे. त्याची खूण एकच आहे. चांगला विक्रेता पैसे घेण्याआधी सगळी माहिती देतो आणि विचार करायला वेळ देतो. लबाड विक्रेता माहिती लपवतो आणि वेळ हिरावून घेतो. पुढे जे काही सांगणार आहे ते या एका खुणेचाच विस्तार आहे.

घाईचे घड्याळ

वेबसाइटवरच्या अशा लबाड मांडणीला 'डार्क पॅटर्न' असे नाव आहे. हॅरी ब्रिग्नल या इंग्लंडमधील अभ्यासकाने २०१० मध्ये ते रूढ केले. आपल्या देशात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि अशा १३ युक्त्या नावानिशी नमूद करून त्यांना मनाई केली. त्यांतल्या आपल्या उपयोगाच्या काही पाहू.

पहिली युक्ती खोट्या घाईची. वेळ संपत आली, माल संपत आला, इतके जण आत्ता हीच वस्तू बघत आहेत, असे सांगून ग्राहकाला गडबडवायचे. माल खरोखरच थोडा असेल तर तसे सांगण्यात गैर काही नाही. पण खरे-खोटे ताडून पाहणे सोपे आहे. ते पान बंद करा, जनावरांना वैरण टाकून या आणि पुन्हा उघडा. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले असेल, किंवा उद्या सकाळीही 'फक्त २ नग'च शिल्लक असतील, तर तो दुकानदार आपल्याशी पहिल्या शब्दापासून खोटे बोलतो आहे असे समजावे. जो घड्याळात खोटा तो मालात खरा कसा असेल?

टोपलीत न मागता पडलेला माल

वाण्याच्या दुकानात आपण साखर-चहा मागितला आणि त्याने आपल्याला न विचारता पिशवीत अगरबत्तीचा पुडा टाकून पैसे लावले, तर आपण काय करू? पुडा काढून त्याच्या हातात देऊ. वेबसाइटवर हा पुडा विम्याच्या रूपाने येतो, वाढीव हमीच्या रूपाने येतो, कधी पाच-दहा रुपयांच्या देणगीच्या रूपाने येतो. चौकटीत बरोबरची खूण त्यांनीच आधी करून ठेवलेली असते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ग्राहकाची संमती अशी आधीच खूण करून घेता येत नाही. संमती ग्राहकाने स्वतः द्यायची असते.

याचाच भाऊ म्हणजे थेंबाथेंबाने वाढणारी किंमत. समजा, पंप १,४९९ रुपयांना दिसतो. पत्ता भरला की पोहोचवण्याचे ९९ रुपये चढतात. पुढच्या पानावर हाताळणीचे ४९ चढतात. पैसे भरण्याच्या पानावर आणखी काही तरी निघते. तोवर आपण नाव, गाव, पिनकोड सगळे भरून दमलेलो असतो आणि 'आता असू दे' म्हणतो. त्या दमण्यावरच हा धंदा चालतो. म्हणून पैसे भरण्याआधी शेवटच्या पानावरचा हिशेब ओळीने वाचावा. न मागितलेली ओळ दिसली तर ती काढावी. ती निघत नसेल तर पान बंद करावे.

लाज, फुकट आणि हप्ता

तिसरी युक्ती मनाला टोचणारी आहे. पीकसल्ल्याचे ॲप घेण्यासाठी दोन बटणे दिसतात. एकावर लिहिलेले असते 'होय, मला उत्पादन वाढवायचे आहे' आणि दुसऱ्यावर 'नको, मला माझ्या पिकाची काळजी नाही'. असे कोण दाबेल? नको म्हणणाऱ्याला लाजवणे ही युक्तीही त्या १३ मध्ये आहे. आपण खुशाल नको म्हणावे. पिकाची काळजी बटणावरून ठरत नसते, बांधावरून ठरते.

चौथी युक्ती 'पहिला महिना फुकट' ही. फुकटाच्या वेळीच बँकेची किंवा यूपीआयची मंजुरी घेतलेली असते आणि दुसऱ्या महिन्यापासून खात्यातून रक्कम आपोआप वळती होऊ लागते. सुरू करायला एक बटण, बंद करायला मात्र दहा दारे. फुकटची वस्तू घेताना पैशांची मंजुरी मागितली तर तेथेच सावध व्हावे. अशी मंजुरी पूर्वी दिली गेली असेल तर आपल्या यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' नावाचा भाग असतो, तेथे सगळ्या मंजुऱ्यांची यादी दिसते आणि नको ती रद्द करता येते. आज संध्याकाळी घरच्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून ही यादी एकदा नजरेखालून घालावी.

अनुभव की जाहिरात?

'मी हे औषध वापरले आणि पंधरा दिवसांत कपाशी कमरेला लागली' असे सांगणारा फेटेवाला गृहस्थ मोबाइलवर दिसतो. तो शेतकरी असेलही, पण त्याला हे सांगण्याचे पैसे मिळाले आहेत का, हे कळायला हवे. जाहिरातीला अनुभवाचा किंवा बातमीचा सदरा घालणे हीसुद्धा मना केलेली युक्ती आहे. चांगली वेबसाइट अशा मजकुरावर 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' असा शब्द ठेवते. तो बारीक अक्षरांत कोपऱ्यात असतो, एवढे मात्र खरे. म्हणून कोपरा आधी वाचावा.

मालाखाली दिलेले तारे आणि अभिप्राय यांचेही तसेच. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले, पण ते ऐच्छिक आहे. आपला उपाय आपल्याच हाती आहे. सर्वांत कमी तारे देणाऱ्यांचे म्हणणे आधी वाचावे. एकाच दिवशी, एकाच भाषेत, एकसारखी स्तुती असेल तर ती एकाच हाताची समजावी. ज्या अभिप्रायाबरोबर चिखलाने माखलेल्या, वापरलेल्या पंपाचा फोटो असेल आणि 'नळी चांगली, पण पट्टा खांद्याला काचतो' असे काही लिहिले असेल, तो माणूस खरा. वापरणाऱ्याला गुण-दोष दोन्ही दिसतात.

बियाणे-औषधांत हंगाम पणाला

पंप वाईट निघाला तर हजार-दीड हजार रुपये जातात. बियाणे वाईट निघाले तर सबंध साल जाते. म्हणून येथे विशेष जपायला हवे.

उगवण झाली नाही म्हणून शेतकरी कृषी कार्यालयात येतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, पावती आहे का? पुष्कळदा तो मोबाइल पुढे करतो. त्यात व्हॉट्सॲपवर आलेला पाकिटाचा फोटो असतो आणि पैसे पाठवल्याची नोंद असते. दुकानाचे नाव नाही, परवाना नाही, लॉट नंबर नाही. शेतात पंचनामा करता येतो, पण तो कोणाच्या बियाण्याचा करायचा? अशा वेळी समोरच्या माणसाचा चेहरा पाहवत नाही.

नियम तर स्पष्ट आहेत. बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ प्रमाणे बियाणे विकायला परवाना लागतो. दुकान रस्त्यावरचे असो की पडद्यावरचे, त्यात फरक नाही. कीटकनाशके वेबसाइटवरून विकण्याला कीटकनाशक नियमांत नोव्हेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती करून मुभा दिली गेली, पण विक्रेत्याकडे परवाना हवा आणि तो आहे की नाही हे वेबसाइट चालवणाऱ्याने तपासायला हवे. पीकवाढीची बायोस्टिम्युलंट औषधे २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. तेव्हा 'एक बाटली, दुप्पट उत्पादन' असे सांगणाऱ्याला आधी नोंदणी विचारावी. तणनाशकाला दाद न देणारी, म्हणजे एचटीबीटी कपाशी आपल्या देशात लागवडीसाठी मंजूर नाही. ती चोरून विकली जाते आणि चोरीच्या मालाला पावती नसते. उगवण फसली तर दाद मागायला जागाच उरत नाही.

म्हणून ऑनलाइन मागवायचेच असेल तर चार गोष्टी पाळा. विक्रेत्याचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. पिशवी आल्यावर लॉट नंबर, उगवणक्षमता, तपासणीची तारीख आणि मुदत वाचा आणि ती पावतीशी जुळवा. खोका उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा. पेरणी झाल्यावर रिकामी पिशवी, लेबल, पावती आणि मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. शक्य असेल तेथे पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण पाहा. हा जुना उपाय आहे आणि तो कोणत्याही अभिप्रायापेक्षा खरा बोलतो.

सरकारी योजनेच्या नावाचा बनाव

सौर पंपाची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आली आणि तिच्या नावाच्या बनावट वेबसाइटही निघाल्या. हुबेहूब सरकारी चिन्हे, पंतप्रधानांचा फोटो आणि 'नोंदणी फी भरा' असे बटण. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने लोकांना याबाबत वेळोवेळी सावध केले आहे. चित्रावर जाऊ नये, पत्त्यावर जावे. केंद्र आणि राज्य सरकारच्या वेबसाइटचा पत्ता साधारणपणे जी-ओ-व्ही, टिंब, आय-एन या अक्षरांनी संपतो. पत्त्यात मध्येच कुसुम, सोलर, योजना असे शब्द आहेत आणि शेवट मात्र वेगळाच आहे, असे दिसले तर एक रुपयाही भरू नये. तालुका कृषी कार्यालयात किंवा महावितरणच्या कार्यालयात विचारायला पैसे पडत नाहीत.

आपला माल विकताना

आतापर्यंत आपण गिऱ्हाईक होतो. पण गूळ, हळद, बेदाणा, आंबा, काजू, पापड-कुरडया यांची थेट विक्री करणारी शेतकरी कुटुंबे आणि बचत गट आता घरोघर दिसतात. पडद्यावरच्या दुकानाच्या गल्ल्यावर आपण बसलो की तीच खूण आपल्याला लागू होते. गिऱ्हाइकाला पूर्ण माहिती आणि पुरता वेळ द्यावा.

फोटो आपल्याच मालाचा लावावा. दुसऱ्याच्या चकचकीत फोटोने पहिली पेटी विकली जाते, दुसरी विकली जात नाही. वजन खोक्यासकट सांगू नये, निव्वळ सांगावे. पोहोचवण्याचा खर्च किमतीजवळच लिहावा. बंद पाकिटातला माल वेबसाइटवर विकताना उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन आणि कमाल किरकोळ किंमत पडद्यावर दाखवणे १ जानेवारी २०१८ पासून बंधनकारक आहे. खाण्याच्या पदार्थाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी नोंदणी किंवा परवाना क्रमांक असतो, तोही द्यावा. तो पाहून शहरातल्या गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

दावे जपून करावेत. आमचा गूळ मधुमेह बरा करतो, आमचा मध दमा घालवतो, असे खाद्यपदार्थाविषयी लिहिता येत नाही. 'सेंद्रिय' असे लेबल लावून माल विकायचा तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया यांपैकी एक प्रमाणपत्र लागते. थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला यात काही सवलत आहे, पण सवलत कागदाची आहे, खोटे बोलण्याची नव्हे. रासायनिक खत टाकले असेल तर तसे सांगावे. 'विळ्याने तोडलेला, घरच्या गुऱ्हाळात केलेला' एवढे खरे असेल तर तेवढेही पुरते.

नावाची गोष्ट तर फारच मोलाची. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातोच. त्याने गिऱ्हाईक फसते आणि देवगडच्या बागायतदाराचा भावही पडतो. यावर देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर लावण्याची पद्धत आणली. आंबा खरा की खोटा हे गिऱ्हाइकाला त्या क्रमांकावरून पडताळता येते. घाईच्या घड्याळाचे उत्तर हे असे असते. तपासा आणि मग घ्या, असे म्हणायची हिंमत ज्याच्या मालात आहे त्याला घड्याळ लावावे लागत नाही.

आणखी दोन गोष्टी. माल संपला की 'संपला' असे लिहावे. पुढच्या तोडणीची तारीख द्यावी. नासका माल गेला तर कुरकुर न करता पैसे परत करावेत किंवा दुसरा माल पाठवावा. आणि ज्याने एकदा काकवी घेतली त्याला रोज सकाळी संदेश पाठवून भंडावू नये. वारंवार टोचणे हीदेखील त्या १३ युक्त्यांपैकी एक आहे, आणि आपल्या हातून ती न कळत घडते.

विकताना आपणही फसू शकतो हे विसरू नये. मोठी मागणी नोंदवून 'पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका' असे सांगणारा माणूस गिऱ्हाईक नव्हे. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला.

फसगत झालीच तर

गप्प बसू नये. लोक हसतील म्हणून गप्प बसणाऱ्यांच्या जिवावरच लबाडाचे दुकान चालते.

चोरट्याने खात्यातून पैसे काढले असतील तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. येथे जेवढा उशीर तेवढा पैसा हाताबाहेर. माल वाईट आला, वेगळा आला किंवा पैसे परत मिळत नाहीत, अशी तक्रार असेल तर आधी वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी करावी. २०२० च्या नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. तेथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तेथे मराठीत बोलता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची असते.

बियाण्याची तक्रार असेल तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे उभे पीक शेतात असतानाच अर्ज द्यावा. रान नांगरून मोकळे केल्यावर पाहणाऱ्याला काय दिसणार? शेतकरी धंद्यासाठी बियाणे घेतो म्हणून तो ग्राहक नाही, असा युक्तिवाद बियाणे पुरवणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. २०१२ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. तेव्हा आपण ग्राहक आहोत आणि आपल्याला दाद मागण्याचा हक्क आहे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

शेवटी एक सांगणे घरातल्या वडीलधाऱ्यांना. मोबाइल आपल्याला नीट येत नाही म्हणून तुम्ही पोरांवर सोडून मोकळे होता. बटण कोठे दाबायचे ते पोरांना ठाऊक आहे हे खरे, पण दलाल कधी गोड बोलतो आणि का बोलतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. एकाची बोटे आणि दुसऱ्याची पारख एकत्र आली तर पडद्यावरचे कोणतेही दुकान त्या घराला सहजी फसवू शकणार नाही. पुढच्या वेळी काही मागवायचे झाले की दोघांनी मिळून बसावे, शेवटचे पान मोठ्याने वाचावे आणि मनाला पटले तर रात्र मध्ये जाऊ देऊन सकाळी पैसे भरावेत. चांगला दुकानदार सकाळीही तेथेच असतो.